हृदय बंद पडून परत सुरू झालेल्या पेशंटला थंड ठेवतात तेव्हा स्नायू सैल करायचं औषध का देतात? त्यानं फायदा होतो का नुकसान?

जोगाईकर

नमस्कार मंडळी. मी अंबाजोगाई तालुक्यातला. आमचे मामा, वय पन्नाशीच्या पुढं, लातूरला मोंढ्यात सौदा चालू असताना उभ्याउभ्या कोसळले. शेजारच्या आडतीवरच्या पोरानं लगेच छाती दाबायला सुरुवात केली, १०८ आली, शॉक दिला, ठोके परत आले. शुद्ध मात्र आली नाही. आता दवाखान्यात व्हेंटिलेटरवर आहेत. अंगाखाली थंड पाण्याची गादी घालून अंग ३३ डिग्रीवर ठेवलंय. सकाळच्या राउंडला कळलं की स्नायू सैल करायचं औषध पंपानं चालू आहे.

भेटायच्या वेळेत मामीनं हाताला चिमटा काढून बघितला. बोट हललं नाही, पापणी हलली नाही. तेव्हापासून घरात दोन गट पडलेत. काही जण म्हणतात आता काही राहिलं नाही, घरी घेऊन चला. पुण्यातल्या भावानं व्हॉट्सअ‍ॅपवर दोन बातम्या टाकल्या. एकीत लिहिलंय या औषधानं पेशंट जास्त वाचतात, दुसरीत लिहिलंय न्युमोनिया वाढतो. डॉक्टर चांगलं समजावून सांगालेत, पण दारात पाच मिनिटं उभं राहून किती कळणार? इथं जाणकार आहेत म्हणून विचारालोय. मामांचं काय होईल हे विचारत नाही, ते इथून कुणालाच सांगता येणार नाही हे कळतं. या औषधाचं नेमकं काम काय, एवढं कुणीतरी सांगा.

मांजरातीर

मी भूलतज्ज्ञ आहे, ही औषधं माझ्या रोजच्या हातातली. सगळ्यात आधी महत्त्वाचं सांगतो, आणि हे आत्ताच्या आत्ता मामींना सांगा: हे औषध चालू असताना चिमटा काढून काहीही कळत नाही. मेंदू शाबूत असला तरी बोट हलणार नाही. औषध बंद होऊन त्याचा असर पूर्ण उतरेपर्यंत 'हलत नाहीत' या गोष्टीवरून कुठलाच निर्णय करू नका.

नस जिथं स्नायूला भेटते तिथं एक रसायन सुटतं, अ‍ॅसिटिलकोलिन. ते स्नायूला 'आखड' असा निरोप देतं. व्हेक्युरोनियम, रोक्युरोनियम, अ‍ॅट्राक्युरियम, सिसअ‍ॅट्राक्युरियम ही औषधं स्नायूकडची जागा अडवून बसतात आणि निरोप पोचत नाही. मेंदूत ती जवळपास शिरतच नाहीत. हृदयाचा स्नायू वेगळ्या व्यवस्थेवर चालतो, म्हणून ठोके चालू राहतात. श्वासाचा पडदा मात्र बंद पडतो, म्हणून ही औषधं फक्त व्हेंटिलेटरवरच्या पेशंटलाच.

आता का देतात ते. अंग ३३ अंशांवर न्यायचं म्हटलं की शरीर विरोध करतं. तापमान साधारण साडेपस्तीसच्या आसपास आलं की हुडहुडी सुरू होते. बेशुद्ध माणसालाही होते, कारण तापमान राखणारं केंद्र मेंदूच्या तळाशी, खोल आहे. हुडहुडीत स्नायू उष्णता तयार करतात, म्हणजे थंड करायचं काम तिथंच अडतं. शिवाय प्राणवायूची गरज खूप वाढते. ज्या मेंदूला आणि हृदयाला काही मिनिटं प्राणवायू मिळालेला नाही, त्यांच्यावर हा बोजा टाकायचा नसतो.

पण हुडहुडी दिसली की पहिला उपाय हा नव्हे. आधी गुंगी आणि वेदनाशामक नीट द्यायचं, पॅरासिटामॉल, मॅग्नेशियम, हातापायांना ऊब. त्वचेला ऊब मिळाली की शरीराचा विरोध कमी होतो. एवढं करून थांबत नसेल तर स्नायू सैल करायचं औषध. युरोपच्या २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही हेच आहे: सरसकट वापरू नका, हुडहुडी जोराची असेल तर वापरता येईल.

बालाघाट

डॉक्टर, मी निवृत्त मास्तर, बीडचा. एक शंका मनातून जात नाही. औषध मेंदूवर काम करत नाही म्हणता. मग आत माणूस जागा असेल तर? सगळं ऐकू येतंय, दुखतंय, आणि सांगता येत नाही, असं होत असेल का? वाचूनच घाम फुटला.

मांजरातीर

मास्तर, ही शंका रास्त आहे आणि वैद्यकशास्त्रानं ती फार गंभीरपणे घेतली आहे. १९४२ साली माँट्रियलमध्ये क्युरारे, म्हणजे याच जातीचं जुनं औषध, शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देताना वापरलं गेलं आणि तिथून ते रूढ झालं. त्यानंतर काही वर्षं काही जणांना वाटायचं की हे औषध थोडी गुंगीही देत असेल. स्कॉट स्मिथ नावाच्या अमेरिकन भूलतज्ज्ञानं स्वतःच्या अंगावर प्रयोग करून घेतला, तो १९४७ मध्ये छापून आला. गुंगीचं औषध अजिबात न घेता पूर्ण लुळं होईपर्यंत क्युरारे टोचून घेतलं, श्वास सहकाऱ्यांनी दिला. नंतर त्यानं सगळं सांगितलं: कोण काय बोललं, कुठं टोचलं, सगळं. शुद्ध क्षणभरही हरपली नव्हती, वेदनाही तशीच होती.

म्हणून नियम असा की गुंगी आणि वेदनाशामक आधी, स्नायूंचं औषध नंतर. मिडॅझोलाम किंवा प्रोपोफॉल, जोडीला फेंटॅनिल. बंद करताना क्रम उलटा: आधी स्नायूंचं औषध थांबवायचं, त्याचा असर उतरला की मग गुंगी कमी करायची. जोगाईकर, तुम्ही डॉक्टरांना सरळ विचारा, 'गुंगीचं औषध सोबत चालू आहे ना?' यात डॉक्टरांना राग येण्यासारखं काही नाही.

सिस्टर_गोदाकाठ

मी नांदेडला आयसीयूत सिस्टर आहे. डॉक्टरांनी औषधाचं सांगितलं, मी खाटेजवळचं सांगते.

हुडहुडी नुसत्या डोळ्यांनी नेहमी दिसत नाही. आम्ही जबड्याखाली, मानेवर आणि छातीवर तळहात ठेवून बघतो. बारीक थरथर आधी तिथंच लागते. शून्य ते तीन असं मोजतो: काहीच नाही तर शून्य, मान-छातीपुरती तर एक, हातांपर्यंत आली तर दोन, पायांपर्यंत गेली तर तीन. मॉनिटरवर ईसीजीची रेघ खरखरीत दिसायला लागली तरी लक्षात येतं.

औषध किती लागलं हे मनगटाजवळच्या नसेला मशीननं लागोपाठ चार हलके झटके देऊन बघतात. अंगठा चारही वेळा हलला तर असर फारसा नाही. एकदा-दोनदाच हलला तर पुरेसा आहे. एकदाही नाही हलला तर डोस कमी करायचा विचार करतात. हे मशीन सगळ्या दवाखान्यांत नसतं, तिथं ठरावीक वेळानं औषध थोडा वेळ थांबवून बघतात. थंड हातावर झटक्याचं उत्तर कमी येतं, हेही ध्यानात ठेवावं लागतं.

आणि डोळे. पापणी मिटत नाही, डोळा कोरडा पडतो, बुबुळाला जखम होते. म्हणून मलम घालून पापण्या अलगद चिकटवून ठेवतो. पट्टी बघून नातेवाईक हादरतात, डोळे गेले का म्हणून विचारतात. तसं काही नसतं. खोकला येत नाही म्हणून कफ नळीनं ओढावा लागतो. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात, त्यात थंड गादीखाली कातडी आणखी नाजूक होते. ठोके आणि बीपी एकाएकी वाढले, डोळ्यांतून पाणी आलं, तर गुंगी कमी पडतेय का हे आम्ही ताबडतोब डॉक्टरांना कळवतो. लुळ्या पेशंटकडं सांगायला दुसरं काही उरलेलं नसतं.

मामीला म्हणावं चिमटा काढू नका, हात हातात घ्या आणि बोला. गुंगीत किती पोचतं ते मला माहीत नाही, पण मी तरी प्रत्येक पेशंटला काय करतेय ते सांगितल्याशिवाय हात लावत नाही.

औंढ्याचा

हे सगळं बिल वाढवायचं काम वाटतंय. आधी थंड करायचं, मग थंडी वाजते म्हणून औषध, मग औषधासाठी मशीन.

मांजरातीर

औंढ्याचा, खर्चाची चिंता खरी आहे, ती मी झटकून टाकणार नाही. पण व्हेक्युरोनियम, अ‍ॅट्राक्युरियम ही जुनी, पेटंट संपलेली औषधं आहेत, अनेक कंपन्या बनवतात, जिल्हा रुग्णालयातही असतात. बिलाचा मोठा भाग आयसीयूची खाट आणि व्हेंटिलेटर यांचा असतो, तो हे औषध नसतानाही लागणारच. महात्मा फुले योजनेत बसतं का, हे जोगाईकरांनी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला जरूर विचारावं.

थंड करण्याबद्दलचा तुमचा प्रश्न मात्र मोठा आहे. त्यावर जगभर वीस वर्षं वाद चाललाय, म्हणून थोडं सविस्तर.

२००२ साली एकाच वेळी दोन अभ्यास आले. युरोपातल्या अभ्यासात २७५ पेशंट होते. ३२ ते ३४ अंशांवर २४ तास ठेवलेल्यांपैकी ५५ टक्के मेंदूच्या दृष्टीनं चांगले बरे झाले, न थंड केलेल्यांपैकी ३९ टक्के. ऑस्ट्रेलियातला अभ्यास छोटा, ७७ जणांचा, तिथं ४९ आणि २६ टक्के. त्यानंतर सगळीकडं थंड करायला सुरुवात झाली. लक्षात घ्या, युरोपच्या त्या अभ्यासात पॅन्क्युरोनियम, हेही स्नायू सैल करणारंच, दर दोन तासांनी, ३२ तासांपर्यंत, ठरवूनच दिलं जात होतं. म्हणजे स्नायूंचं औषध पहिल्यापासून या उपचारात बसलेलं आहे, पण त्याचा वेगळा हिशोब तेव्हा कुणी मांडला नाही.

पुढं २०१३ मध्ये ३३ आणि ३६ अंशांची तुलना झाली, फरक निघाला नाही. २०२१ मध्ये १९०० पेशंटांच्या अभ्यासात ३३ अंश एका बाजूला आणि नुसता ताप चढू न देणं दुसऱ्या बाजूला. सहा महिन्यांनी मृत्यू ५० आणि ४८ टक्के, म्हणजे फरक नाहीच. त्यामुळं आज बरेच दवाखाने ३३ पर्यंत नेत नाहीत, ताप ३७.७ च्या वर जाऊ द्यायचा नाही एवढंच कटाक्षानं पाळतात. काही ठिकाणी अजून थंड करतात, तेही चुकीचं म्हणता येत नाही. ताप येऊ देऊ नये यावर मात्र जवळपास सगळे एकमतानं आहेत. आपल्याकडं मे महिन्यात ४२-४३ अंशांत एसी बंद पडला तर तेवढंही सोपं नसतं.

जोगाईकर

डॉक्टरसाहेब, सिस्टर, लई आभार. गुंगीचं औषध सोबत चालू आहे, विचारून घेतलं. मामीला सगळं वाचून दाखवलं. घरी न्यायचा विषय सध्या थांबलाय.

भावानं पाठवलेल्या त्या दोन बातम्यांचं काय? त्यातली खरी कुठली?

मांजरातीर

दोन्ही खऱ्या अभ्यासांवर असाव्यात, पण दोन्हींतून निघतं त्यापेक्षा जास्त काढलंय.

'जास्त वाचतात' हे २०१३ च्या अमेरिकन अभ्यासातलं. चार दवाखाने, १११ पेशंट. पहिले २४ तास सलग हे औषध मिळालेले फक्त १८. त्यातले ७८ टक्के जगले, बाकीच्यांतले ४१ टक्के. आकडा ऐकून उभं राहावंसं वाटतं. पण कुणाला औषध द्यायचं हे चिठ्ठी टाकून ठरलेलं नव्हतं, खाटेजवळच्या डॉक्टरनं ठरवलं होतं. ज्यांना दिलं ते मुळातच वेगळे असू शकतात. आणि १८ माणसांवरून जगाला नियम सांगता येत नाही.

'न्युमोनिया वाढतो' हे २०१४ च्या फ्रान्सच्या अभ्यासातलं. १४४ पेशंट, त्यातल्या ११७ जणांना औषध मिळालं. सुरुवातीला दिसलं की औषधवाल्यांत मृत्यू कमी आणि न्युमोनिया जास्त. पण दोन्ही गटांतल्या पेशंटांची मूळची अवस्था सारखी धरून हिशोब केला तेव्हा दोन्ही फरक पुसट झाले. फायदाही आणि तोटाही.

मग चिठ्ठी टाकून केलेला अभ्यास आला, २०२० मध्ये, अमेरिकेतच. ८३ पेशंट. अर्ध्यांना २४ तास रोक्युरोनियम सलग, अर्ध्यांना नेहमीचे उपचार, गरज पडली तरच हे औषध. रक्तातलं लॅक्टेट किती उतरतं हे पाहायचं होतं, कारण पेशींना प्राणवायू कमी पडला की ते वाढतं. २४ तासांनी दोन्ही गट सारखेच. जगण्यातही ठाम फरक दिसला नाही.

व्हिएन्नातही ६३ पेशंटांवर असाच एक अभ्यास झाला होता, सलग औषध विरुद्ध लागेल तसं औषध. तिथं सलग औषध मिळालेल्यांना हुडहुडी बरीच कमी झाली आणि गुंगीची औषधं कमी लागली. मला हा अभ्यास महत्त्वाचा वाटतो, कारण गुंगीचं औषध जितकं जास्त साचतं तितकी शुद्ध उशिरा येते. पण यावरूनही 'मेंदू वाचवतं' असं म्हणता येत नाही.

माझं मत स्पष्ट सांगतो. हे औषध मेंदू बरा करत नाही आणि मेंदू बिघडवतही नाही. हुडहुडी थांबवतं. ते काम झालं की लवकरात लवकर बंद करावं, कारण ते चालू असेपर्यंत आपण पेशंटला वाचू शकत नाही. आणि खाटेजवळ सगळ्यात मोठी गडबड तिथंच होते.

बालाघाट

'वाचू शकत नाही' म्हणजे? मेंदूची स्थिती मग कशावरून कळते?

मांजरातीर

मास्तर, हाच या धाग्याचा गाभा आहे.

पहिली गोष्ट वेळेची. हृदय परत सुरू झाल्यापासून निदान ७२ तास जाईपर्यंत 'मेंदूला आशा नाही' असा निर्णय करायचा नसतो, आणि ते ७२ तास भरले तरी गुंगीचा आणि स्नायूंच्या औषधाचा अंश उरलेला नाही याची खात्री लागते. थंड शरीरात औषधं रेंगाळतात. तापमान दोनच अंशांनी उतरलं तरी व्हेक्युरोनियमचा असर दुपटीहून जास्त वेळ टिकतो. त्यात यकृत-मूत्रपिंडाला मार बसलेला असेल तर आणखी. अ‍ॅट्राक्युरियम आणि सिसअ‍ॅट्राक्युरियम यकृत-मूत्रपिंडावर फारसे अवलंबून नसतात, रक्तात आपोआप विरघळून मोडतात, पण थंडीत तेही मंदावतं. म्हणून अंग ऊबदार झाल्यावर सिस्टरांनी सांगितलेली ती चार झटक्यांची तपासणी पुन्हा करावी, चारही जोरकस यायला हवेत. असर उरला असेल तर निओस्टिग्मिन, किंवा रोक्युरोनियम-व्हेक्युरोनियमसाठी शुगामाडेक्स देऊन उतरवता येतो.

दुसरी गोष्ट, कुठली तपासणी या औषधानं फसते आणि कुठली नाही. टॉर्च मारल्यावर बाहुली लहान होते ती वेगळ्या जातीच्या स्नायूमुळं, तिच्यावर हे औषध चालत नाही. म्हणून लुळ्या पेशंटचीही बाहुली खरं सांगते. पण बुबुळाला कापूस लावल्यावर पापणी मिटणं, नळी हलवल्यावर खोकला, दुखवल्यावर हात ओढून घेणं, हे सगळं औषधानं पुसलं जातं. मनगटाच्या नसेपासून निघालेला संदेश मेंदूच्या वरच्या थरापर्यंत पोचतो का हे पाहणारी एक तपासणी असते, तिला हे औषध अडवत नाही, उलट स्नायूंची खरखर गेल्यामुळं आलेख स्वच्छ येतो. ती सगळीकडं होत नाही. रक्तातलं एनएसई, म्हणजे मेंदूच्या पेशींना इजा झाली की वाढणारं द्रव्य, ४८ आणि ७२ तासांना बघतात, सीटी किंवा एमआरआय करतात. एका तपासणीवर कुणीच निर्णय करू नये.

तिसरी, आणि मला सगळ्यात जास्त भीती हिची वाटते: फिट. हृदय बंद पडून वाचलेल्यांत फिट येणं नवीन नाही. स्नायू लुळे असतील तर मेंदूत फिट चालू असतानाही अंग शांत दिसतं. बाहेरून काहीच कळत नाही आणि मेंदू आत जळत राहतो. म्हणून हे औषध चालू असताना ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख, हवा, जमलं तर सलग. तालुक्याच्या गावी ते शक्य नसतं हे मला माहीत आहे. तिथं तर औषध जितकं कमी वेळ तितकं बरं.

येडशीकर

माहितीसाठी विचारतो. मग असा माणूस पडला तर घरूनच बर्फ लावून नेलं तर? मेमध्ये अंग तापलेलंच असतं.

सिस्टर_गोदाकाठ

नको. छाती दाबणं थांबवून बर्फ शोधायला कुणी जाऊ नका. दाबत राहा आणि १०८ लावा.

मांजरातीर

सिस्टरांशी पूर्ण सहमत. अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या भागात १३५९ पेशंटांना वाटेतच, अँब्युलन्समध्ये, थंड सलाईन देऊन पाहिलं होतं. जगण्यात फायदा झाला नाही, उलट वाटेत हृदय पुन्हा बंद पडण्याचं आणि फुप्फुसात पाणी होण्याचं प्रमाण वाढलं. थंड करायचं की नाही हे दवाखान्यात ठरू द्या.

सरोज_जालना

मी एरवी इथं लिहीत नाही, पण हे वाचून राहवलं नाही. माझे मिस्टर यातून गेलेत. त्यांनाही थंड केलं होतं आणि हेच औषध होतं. औषध बंद केल्यावर ते लगेच उठतील असं मी धरून बसले होते. नाही उठले. शेजारच्या खाटेचा माणूस उठून बोलायला लागला, आमचे नाही. कुणी सांगितलं नव्हतं की गुंगीचं औषध उतरायला काहींना खूप वेळ लागतो.

आज ते दुकानात बसतात. पण आधीसारखे नाहीत हेही सांगायला हवं. आठवण कमी झाली, उधारी लिहून ठेवल्याशिवाय ध्यानात राहत नाही. पटकन चिडतात, दुपारपर्यंत थकतात. लोक म्हणतात वाचले ना, मग आता काय? वाचले, त्यासाठी मी रोज देवाचे आभार मानते. तरी त्रास आहे, आणि त्याबद्दल बोलायला जागा नाही.

जोगाईकर

सरोजताई, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत.

इथलं सांगतो. हळूहळू अंग तापवलं, तासाला पाव डिग्री म्हणाले. स्नायूंचं औषध बंद केलं, चारही झटक्यांना अंगठा हलला. ईईजी काढला, फिट नाही म्हणाले. गुंगी कमी केल्यावर कफ ओढताना खोकले. मग डोळे उघडले, पण कुणाकडं बघत नव्हते. डॉक्टर म्हणाले थांबा, अजून गुंगी आहे अंगात. काल मामीनं हाक मारल्यावर मान तिकडं वळवली. आज सिस्टर म्हणाल्या जीभ दाखवा, दाखवली.

आता हातापायांत ताकद नाही. ग्लास धरवत नाही. हे त्या औषधामुळंच का?

पूर्णाकाठ

मी फिजिओथेरपिस्ट, परभणी. आयसीयूतून आलेले खूप पेशंट बघते. ही ताकद जाणं एका औषधाच्या माथी मारता येत नाही. पडून राहणं, जंतुसंसर्ग, साखर वाढणं, स्टेरॉइड, सगळं मिळून स्नायू आणि नसा अशक्त होतात. स्नायूंचं औषध बरेच दिवस चाललं असेल तर त्याचाही वाटा असू शकतो, एक-दोन दिवसांसाठी दिलं असेल तर संशय कमी.

डॉक्टरांनी परवानगी दिली की खाटेवरच सुरू करा. आधी घोटे आणि मनगटं फिरवणं, मग आधार देऊन काठावर बसणं, मग उभं राहणं. बीपी पडतं का आणि नाडी किती वाढते हे बघत. छाती दाबताना बऱ्याचदा बरगड्या मोडलेल्या असतात, खोकताना उशी छातीशी धरायला सांगा. मामांना भरवू नका, सांडलं तरी चमचा त्यांच्याच हातात द्या. गिळताना ठसका लागत नाही ना हे मात्र आधी तपासून घ्या, नळी निघाल्यावर काही दिवस गिळणं कच्चं असतं.

मांजरातीर

जोगाईकर, मान वळवली आणि सांगितल्यावर जीभ दाखवली, म्हणजे मामांना सांगितलेलं कळतंय. ही फार चांगली खूण आहे.

सुट्टीच्या आधी दोन-तीन गोष्टी विचारून घ्या. हृदय बंद का पडलं त्याचं कारण सापडलं का, अँजिओग्राफी झाली का, आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून छातीत बसवायच्या शॉकच्या यंत्राची गरज आहे का. डिस्चार्ज कार्डावर कुठली औषधं किती वेळ चालली तेही लिहून मागा, पुढं कधी भूल द्यायची वेळ आली तर आमच्यासारख्याला उपयोग होतो. आणि सरोजताईंनी लिहिलंय ते मामीला आत्ताच सांगून ठेवा. आठवण, लक्ष, झोप, चिडचिड यांची तपासणी पहिल्या तीन महिन्यांत करून घेण्याची शिफारस आहे. फेरतपासणीला गेल्यावर ती मागून घ्यावी लागेल, कारण बहुतेक वेळा नुसता ईसीजी काढून पाठवतात.

जोगाईकर

लिहून घेतलं सगळं. आडतीवरच्या त्या पोराला डॉक्टर भेटायला बोलावालेत, मामांनी त्याचं नाव विचारलं म्हणून.